पेट्रोलवरचा वीडर: निगा कशी राखायची आणि पावसाळ्यात ठेवायचा कसा

गोराई-मनोरीच्या वाडीत, वसईच्या पट्ट्यात, नाहीतर कर्जत-मुरबाडकडे घेतलेल्या दहा-वीस गुंठ्यांत आता पेट्रोलवरचा छोटा वीडर सहज दिसतो. कुणी त्याला पॉवर वीडर म्हणतं, कुणी मिनी टिलर. काम एकच: माती भुसभुशीत करायची आणि तण उपटायचं. मशीनसोबत येणारं पुस्तक मात्र बर्फाच्या मुलखातल्या माणसासाठी लिहिलेलं असतं. तिथे मशीन बंद राहतं ते हिवाळ्यात. आपल्याकडे भाजीचे वाफे, फुलझाडं, नारळाची आळी यांचं काम ऑक्टोबर ते मे चालतं आणि मशीन कोपऱ्यात जातं ते नेमकं पावसाळ्यात. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. वर्षातले सगळ्यात ओले चार महिने मशीन न हलवता पडून राहतं. दसऱ्याच्या सुमारास दोरी ओढून हात भरून येतात, तरी ते सुरू होत नाही. बहुतेक वेळा इंजिन ठीक असतं. टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) राहिलेल्या पेट्रोलने घात केलेला असतो.

खालची माहिती १६० ते २१२ सीसीच्या, हवेने थंड होणाऱ्या फोर स्ट्रोक इंजिनाच्या वीडरसाठी आहे. लहान टू स्ट्रोक वीडरचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

नवं मशीन आणल्यावर

खोक्यातून निघालेल्या इंजिनात बहुधा ऑईल नसतं. पेट्रोल भरून थेट दोरी ओढली तर काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला धरतो आणि नवं इंजिन उघडावं लागतं. म्हणून आधी ऑईल. या आकाराच्या इंजिनात साधारण ०.६ लिटर १०डब्ल्यू-३० ग्रेडचं इंजिन ऑईल लागतं. मशीन सपाट जागी उभं करा, डिपस्टिक पुसा, आट्यांवर न फिरवता नुसती टेकवा आणि बाहेर काढून पाहा. बहुतेक मशीनांत ऑईल भरायच्या तोंडाच्या खालच्या काठापर्यंत आलं की पुरेसं होतं. तुमच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर ते खरं माना.

आता एअर फिल्टर उघडा. आपल्याकडच्या बऱ्याच वीडरना ऑईलच्या वाटीचा फिल्टर असतो. ती वाटीही कोरडी येते. तिच्यावरच्या खुणेपर्यंत इंजिन ऑईल भरावं लागतं. तिसरी जागा गिअरबॉक्स. तिथे ८०डब्ल्यू-९० गिअर ऑईल चालतं, पण किती ते मशीनप्रमाणे बदलतं, म्हणून लेव्हलच्या बोल्टपर्यंत भरा.

पाती बसवताना धारेची बाजू मशीन ज्या दिशेने पुढे जातं तिकडे आली पाहिजे. डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल झाली तर पाती माती कापत नाहीत, नुसती थापटतात. मशीन वाफ्यावर उड्या मारतं आणि माणसाला वाटतं जमीनच कडक आहे.

आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा. पात्यांना हात लावायच्या आधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करायची. इंजिन बंद असलं तरी पाती हाताने फिरवताना ते एखादा ठोका देऊ शकतं, आणि बोटाला तेवढा एक ठोका पुरतो.

हंगाम चालू असताना

रोज काम सुरू करण्याआधी ऑईल पाहा आणि पात्यांचे बोल्ट तपासा. काही इंजिनांत ऑईल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. उतारावर ऑईल एका बाजूला गेलं तरी तो इंजिन बंद करतो, तेव्हा लगेच बिघाड समजू नका.

काम संपल्यावर पात्यांच्या दांड्याला गुंडाळलेलं गवत, सुतळी आणि प्लॅस्टिक त्याच दिवशी सुरीने कापून काढा. हा कंटाळवाणा भाग आहे आणि म्हणूनच तो राहून जातो. गवताचा पीळ घट्ट होत होत ऑईल सीलपर्यंत (दांड्याभोवती ऑईल अडवणारी रबरी कडी) पोहोचतो आणि सीलचा ओठ कापतो. मग गिअरबॉक्समधलं ऑईल बाहेर आणि चिखल आत. सील स्वस्त असतो. चिखलावर फिरलेले गिअर आणि बेअरिंग स्वस्त नसतात. सील बदलायचाच झाला तर त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे कोरलेले असतात. ते लिहून घ्या किंवा जुना सीलच खिशात टाका. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग, सील आणि बेल्टची दुकानं आहेत, तिथे मापावरून सील मिळतो. पट्ट्यावर चालणारं मशीन असेल तर व्ही-बेल्टचंही तसंच: पाठीवरचा नंबर वाचून न्या.

इंजिन ऑईल पहिल्यांदा २० तासांनी किंवा महिन्याने बदला, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. पहिल्या ऑईलमध्ये नव्या भागांच्या घासणीची बारीक धातूची चूर उतरलेली असते, म्हणून २० तासांचा बदल टाळू नका.

एप्रिल-मेच्या कोरड्या मातीत एअर फिल्टर फार लवकर भरतो. पुस्तक ५० तास म्हणत असेल, पण धूळ उडत असेल तर आठवड्याला उघडून पाहा. स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑईलमध्ये बुडवा आणि घट्ट पिळून बसवा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, हलकेच आपटून झटकायचा. काळा पडला की नवा. ऑईलच्या वाटीत तळाशी चिखल साचला तर ते ऑईल फेकून नवं भरा. फिल्टर न लावता "आजचा दिवस निभावून नेऊ" असं करू नका. मातीतले कण सिलिंडर घासतात आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं की ते परत आणायला इंजिन खोलावंच लागतं.

मशीन कलतं करायची वेळ आली तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि हँडलच्या बाजूला, म्हणजे प्लग वर येईल असं टेकवा. पुढे किंवा आडवं पाडलं तर ऑईल सिलिंडरमध्ये आणि फिल्टरच्या वाटीतलं ऑईल कार्बोरेटरमध्ये जातं. मग पांढऱ्या धुराचे लोट येतात किंवा दोरी ओढलीच जात नाही. अशा वेळी जोर लावू नका. प्लग काढा, दोरी हळू ओढून ऑईल बाहेर पडू द्या.

पेट्रोल

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. रोज फिरणाऱ्या स्कूटरची टाकी आठवड्यात रिकामी होते, त्यामुळे तिथे ते जाणवत नाही. वीडरची गोष्ट वेगळी आहे. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. अर्धी भरलेली टाकी दिवसा तापते, रात्री निवते आणि झाकणातल्या बारीक भोकातून बाहेरची दमट हवा आत घेत राहते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलपासून सुटं होऊन पाण्याबरोबर तळाशी बसतं. कॉक तळातूनच ओढतो, त्यामुळे कार्बोरेटरला पेट्रोलऐवजी तो थर मिळतो. पत्र्याची टाकी आतून गंजते, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी जमते, पितळी जेटवर (पेट्रोल मापात सोडणारी बारीक भोकाची तोटी) हिरवट थर येतो. दुसरीकडे पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, राळेसारखा गाळ उरतो. जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. ते बुजायला थोडासा गाळही पुरे.

म्हणून एका महिन्यात संपेल तेवढंच पेट्रोल आणा. घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये ठेवा. पाण्याच्या बाटलीत नको. हंगामातही मशीन पंधरा दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतलं बरंचसं पेट्रोल जळून जातं. पेट्रोलची नळी कडक झाली, तडकली किंवा फुगून मऊ पडली तर बदला. नवी घेताना इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी आहे ना, ते दुकानात विचारा.

पेट्रोल टिकवणारी रसायनं बाजारात आहेत. एरवी ती उपयोगी आहेत, पण आपल्या पावसाळ्याच्या दमटपणात टाकी पूर्ण रिकामी करणं हाच खात्रीचा उपाय.

टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच टू-टी ऑईल मिसळतात. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, ५०:१ म्हणजे २० मिली. कोणतं प्रमाण ते पुस्तकात पाहा. अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. मिश्रण जुनं झालं की टाकीत न भरता बाजूला काढा.

मे अखेरचं काम, क्रमाने

यासाठी एक सकाळ मोकळी ठेवा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण ऑईल गरम असताना काढायचं असतं आणि त्यासाठी टाकीत पेट्रोल लागतं. आधी पेट्रोल काढून बसलात तर ऑईल थंडच काढावं लागेल.

१. इंजिन पूर्ण थंड असताना धुवा. पात्यांचा चिखल लाकडी पट्टीने खरवडा, मग ब्रश आणि पाणी. कार वॉशचा जोराचा फवारा नको. तो सीलच्या आत आणि एअर फिल्टरमध्ये पाणी ढकलतो. दोरीच्या जाळीत आणि सिलिंडरच्या पंखांमध्ये अडकलेला कचरा कोरड्या ब्रशने काढा. पंख बुजले की इंजिन तापतं.

२. उघड्यावर इंजिन सुरू करून दहा मिनिटं चालवा. पाणी वाळतं आणि ऑईल पातळ होतं. बंद शेडमध्ये किंवा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास देत नाही आणि जीव घेतो.

३. इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा. ड्रेन बोल्टखाली जुनी परात ठेवून ऑईल सोडा, शेवटचा थेंब पडेपर्यंत. बोल्टचा वॉशर दबला असेल तर बदला आणि नवं ऑईल भरा. "ऑक्टोबरमध्ये बदलू" हा हिशोब इथे चुकतो: वापरलेल्या ऑईलमध्ये ज्वलनातून आलेलं आम्ल आणि पाणी असतं आणि चार महिने ते बेअरिंगवर बसून राहतं. जळकं ऑईल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. गटारात किंवा बांधाखाली एक थेंबही सोडू नका; मनोरीच्या खाडीपर्यंत तेच पाणी जातं.

४. गिअरबॉक्सचं ऑईल पाहा. चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. सगळं काढा, सील बदला, नवं भरा. तसंच ठेवलं तर बेअरिंग पावसाळ्यात गंजतील.

५. इंजिन निवल्यावर टाकी रिकामी करा. नरसाळं आणि कॅन घ्या, जवळ शेगडी, उदबत्ती, सिगारेट काही नको. कॉकमध्ये गाळाची छोटी वाटी असेल तर तीही उघडून पुसा. आता प्लगची टोपी परत लावा आणि इंजिन सुरू करून आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. शेवटी कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करा. इंजिन थांबलं म्हणजे वाटी रिकामी झाली असं नसतं. तळाशी एक-दोन चमचे उरतात आणि जेट त्यातच बुडालेला असतो. नवख्यांचं हेच सगळ्यात जास्त चुकतं. टू स्ट्रोकला सहसा अशी वाटी नसते. तिथे टाकी रिकामी करून प्रायमरचा (पेट्रोल पुढे ढकलणारा) फुगा दाबत राहा आणि इंजिन थांबेपर्यंत चालवा.

६. प्लग काढा. या इंजिनांना बहुधा २१ मिमीचा प्लग पाना लागतो. भोकातून एक चमचा, म्हणजे ५ मिली, स्वच्छ इंजिन ऑईल सोडा. भोकावर फडकं धरा, नाहीतर ऑईल तोंडावर उडेल, आणि दोरी तीन-चारदा हळू ओढा. सिलिंडरच्या भिंतीवर ऑईलचा थर बसतो. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिमी आहे ना ते फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पाहा आणि प्लग हाताने आट्यांत फिरवत बसवा. टेकल्यावर जुना प्लग पाव फेरा, नवा अर्धा फेरा, एवढंच आवळा. पहिल्यापासून पान्याने फिरवला तर तिरपा जातो आणि ॲल्युमिनियमचे आटे मरतात.

७. दोरी अगदी हळू ओढत जा. हाताला जड लागलं की थांबा आणि दोरी अलगद आत सोडा. या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, त्यामुळे दमट हवा सिलिंडरमध्ये जात नाही. दोन मिनिटांचं काम आहे, आणि कोकणपट्टीच्या हवेत याचं मोल फार.

८. पात्यांच्या पिना काढून दोन्ही बाजूंची पाती दांड्यावरून पूर्ण उतरवा. दांडा पॉलिश पेपरने घासा, ग्रीस लावा, पाती परत चढवा. हे दरवर्षी केलं नाही तर पात्यांची नळी दांड्यावर गंजून एकजीव होते; समुद्राजवळ तर एका पावसाळ्यात. मग घणाने ठोकताना गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. रुंदी निम्म्यावर आलेली पाती बदला आणि बोल्ट ८.८ खुणेचेच घ्या, साधे बोल्ट दगडावर तुटतात. उघड्या लोखंडावर ग्रीस किंवा गंजरोधक स्प्रे.

९. क्लच आणि रेसच्या केबलमध्ये वरच्या तोंडाने दोन-तीन थेंब ऑईल सोडा. पट्टा असेल तर त्याचा ताण सैल करा.

१०. सायलेन्सरच्या तोंडात ऑईल लावलेलं फडकं बसवा आणि त्याला लाल चिंधी बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे काढायला विसरणार नाही. तोंड उघडं राहिलं तर कुंभारीण माशी आत मातीचं घरटं करते. दोरीच्या जाळीभोवतीही उंदीर गवत भरतात, तिथे बारीक जाळी बांधा.

ठेवायचं कुठे

जमिनीवर नको. लाकडी फळ्या किंवा पॅलेटवर, भिंतीपासून वीतभर सोडून, शक्य असेल तर कमरेएवढ्या उंचीवर. वरून ताडपत्री गच्च बांधू नका. आतली वाफ बाहेर पडत नाही आणि मशीन ताडपत्रीखालीच घामेजून गंजतं. जुनी सुती चादर टाका, छत गळत असेल तर ताडपत्री मशीनपासून वर, तंबूसारखी ताणा. खतांच्या पोत्यांजवळ ठेवू नका. युरिया आणि मीठ दोन्ही ओल ओढतात आणि लोखंड खातात.

मशीन शहरात आणणार असाल तर सोसायटीचा जिना, लॉबी आणि मीटर रूम वर्ज्य समजा. टाकी रिकामी असली तरी आत पेट्रोलची वाफ असते. गॅसच्या सिलिंडरजवळ किंवा इन्व्हर्टरजवळही नको. बाल्कनीत ठेवायचं तर टाकीचं झाकण उघडं ठेवून एक दिवस मोकळ्या हवेत सुकवून मगच वर न्या.

लोकलने नेण्याचा विचार करू नका. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम ६७ प्रमाणे धोकादायक माल डब्यात नेता येत नाही आणि कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पेट्रोलचा कॅन तर कधीच नको. टेम्पोत नेताना टाकी रिकामी, कॉक बंद, मशीन उभं बांधलेलं.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा चादर काढून हवा लागू द्या, दोरी दोनदा हळू ओढा आणि पुन्हा जड जागी आणून ठेवा.

पुराचं पाणी शिरलं तर

सखल भागातल्या शेडमध्ये हे होतं. सगळ्यात आधी लक्षात ठेवा: दोरी ओढायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मग दोरी हळू ओढून पाणी बाहेर काढा. इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं ऑईल सोडा, नवं भरा, पाच मिनिटं चालवा आणि ते पुन्हा बदला. दुसऱ्या वेळीही दुधाळ आलं तर तिसऱ्यांदा. टाकी, कार्बोरेटरची वाटी आणि एअर फिल्टर मात्र इंजिन चालवण्याआधीच स्वच्छ करा. हे सगळं पाणी ओसरलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायला हवं. खारं पाणी असेल तर आधी बाहेरून गोड्या पाण्याने धुवा.

ऑक्टोबरमध्ये सुरू करताना

लाल चिंधी, जाळ्या काढा. पट्टा ताणा. ऑईल पाहा. ताजं पेट्रोल लिटरभरच भरा, कॉक उघडा आणि दोन मिनिटं थांबून नळी, कॉक, वाटी कुठे गळते का ते पाहा. चोक लावून दोरी ओढा. पहिली एक-दोन मिनिटं निळसर पांढरा धूर येईल. तो सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑईलचा आहे.

सात-आठ वेळा ओढूनही सुरू झालं नाही तर प्लग काढून पाहा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही: कॉक, गाळाची वाटी, टाकीच्या झाकणाचं भोक आणि मग जेट तपासा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झालं आहे. प्लग पुसा, चोक उघडा, दहा मिनिटं थांबा. ठिणगी पाहायची तर प्लग टोपीत घालून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते.

चोक असताना चालतं आणि चोक उघडला की बंद पडतं, किंवा रेस आपोआप वर-खाली होत राहते: जेट अर्धवट बुजलेला आहे. वाटी उतरवा, जेट काढा, कार्बोरेटर क्लीनर मारा आणि उजेडाकडे धरून भोक गोल दिसतं का ते पाहा. टाचणी किंवा लोखंडी तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं तर पेट्रोल कायमचं जास्त जाईल. वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू चालतो.

काळा धूर म्हणजे चोक अडकला किंवा एअर फिल्टर भरला. निळा धूर थांबतच नसेल तर आधी ऑईल जास्त भरलंय का ते पाहा, पिस्टनच्या रिंगांचा संशय नंतर. इंजिन चालतं पण पाती फिरत नाहीत तर केबलचा ताण, मग पट्टा, मग पात्यांची पिन, या क्रमाने बघा. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनवर बऱ्याच मशीनांत इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी लागते, पण पुस्तकातला आकडा खरा माना. ते पहिल्या वेळी माहितगार फिटरसमोर बसून शिका.

पहिल्या दिवशी एक तास चालवून मशीन बंद करा, निवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा. पावसाळ्यात सैल झालेला पात्यांचा बोल्ट पहिल्या तासातच गळून वाफ्यात हरवतो.